अंधारखोलीतील मोजपट्टी : छायाचित्राचा दर्जा ठरवला कोणी?

१/
घरातील जुना अल्बम उघडला की कधी कधी एक विचित्र गोष्ट आढळते. एकाच समारंभात, एकाच दिवशी काढलेली दोन कृष्णधवल छायाचित्रे समोरासमोरच्या पानांवर लावलेली असतात. एकातील काळा रंग अजून गडद आणि पांढरा स्वच्छ असतो. दुसरे मात्र पिवळसर-तपकिरी पडलेले, त्यातील चेहरे विरत चाललेले. कॅमेरा तोच, कागद तोच, छायाचित्रकारही तोच. मग फरक कुठे पडला? बहुतेक वेळा तो अंधारखोलीत, कामाच्या अगदी शेवटच्या टप्प्यात पडलेला असतो. आणि ज्या दिवशी तो पडला, त्या दिवशी ही दोन्ही छायाचित्रे अगदी सारखी दिसत होती.

२/
छायाचित्रणाच्या इतिहासात कॅमेरे, भिंगे आणि थोर छायाचित्रकार यांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. पण अंधारखोलीतले काम नीट झाले की नाही, हे ओळखायचे कसे, या साध्या प्रश्नाचाही एक इतिहास आहे. सुरुवातीचे उत्तर होते : डोळ्यांनी पाहून. हे उत्तर पुन्हा पुन्हा अपुरे ठरले आणि डोळ्याची जागा हळूहळू रासायनिक चाचणीने, आलेखाने, घड्याळाने आणि तापमापकाने घेतली. शेवटी त्या मोजमापालाही प्रश्न विचारण्याची वेळ आली. त्या प्रवासाचा हा थ्रेड.

३/
आधी प्रक्रिया थोडक्यात. फिल्मवर किंवा कागदावर चांदीच्या क्षारांचा थर असतो. प्रकाश पडलेल्या कणांचे डेव्हलपरमध्ये काळ्या, धातुरूप चांदीत रूपांतर होते आणि प्रतिमा उमटते. उरलेले क्षार तसेच राहिले तर उजेडात तेही काळे पडतील. म्हणून ते फिक्सरमध्ये विरघळवून काढावे लागतात. हा फिक्सर म्हणजे 'हायपो', अर्थात सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच दाखवले होते. १८३९ मध्ये छायाचित्रण जगासमोर आले तेव्हा तो गुणधर्म उपयोगी पडला. शेवटी हायपोही कागदातून धुऊन काढायचा. मराठीत आपण सगळ्याच प्रक्रियेला 'रोल धुवायला टाकणे' म्हणत आलो. प्रत्यक्षात हे शेवटचे धुणेच सर्वाधिक दुर्लक्षित राहिले.

४/
इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४४ ते १८४६ या काळात 'द पेन्सिल ऑफ नेचर' हा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यात छापील चित्रांऐवजी कागदावरील खरी छायाचित्रे चिकटवलेली होती. १८४६ मध्ये 'आर्ट-युनियन' या मासिकाच्या हजारो प्रतींबरोबर टॅल्बट यांची छायाचित्रे वाचकांच्या हाती पडली. नव्या कलेची याहून मोठी जाहिरात झाली नसती. पण त्यातील अनेक चित्रे थोड्याच काळात फिकी पडू लागली. जी कला क्षण कायमचा धरून ठेवण्याचे वचन देत होती, तिचाच पुरावा वाचकांच्या डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला.

५/
प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नव्हता. छायाचित्रे टिकणार नसतील, तर त्यांच्यावर पैसे कोण खर्च करील? पुरावा, दस्तऐवज, आप्तांची आठवण म्हणून त्यांच्यावर भरवसा कोण ठेवील? १८५३ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने अखेर १८५५ मध्ये एक समिती नेमली. तिचे काम एकच : कागदावरील छायाचित्रे का फिकी पडतात, ते शोधणे. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी त्यासाठी ५० पौंडांची देणगी दिली. छायाचित्रणाच्या इतिहासात ही समिती 'फेडिंग कमिटी' म्हणून ओळखली जाते.

६/
समितीचा पहिला अहवाल त्याच वर्षी आला. त्यातील मुख्य निष्कर्ष असा : फिके पडण्याचे सर्वांत सर्रास आढळणारे कारण म्हणजे अपुऱ्या धुण्यामुळे कागदात राहून गेलेला हायपो. त्याच्या जोडीला ओलावा आणि शहरी हवेतील गंधकयुक्त वायू हेही अपराधी ठरले. कोळशाच्या धुराने भरलेल्या लंडनमध्ये त्या वायूंची वाण नव्हती. उपाय म्हणून समितीने प्रतिमेवर सोन्याच्या क्षाराची प्रक्रिया करण्याची शिफारस केली. सोन्यामुळे चांदीच्या कणांना संरक्षण मिळते आणि गंधकाचा हल्ला सौम्य होतो.

७/
यामागचे रसायन समजून घेण्यासारखे आहे. कागदाच्या तंतूंत अडकलेला हायपो कालांतराने विघटित होतो. त्यातून सुटणारे गंधक प्रतिमेतील चांदीशी संयोग पावते आणि पिवळट-तपकिरी सिल्व्हर सल्फाइड तयार होते. चांदीचे भांडे काळवंडते, त्याच जातीची ही क्रिया. पण तिला महिने किंवा वर्षे लागतात. ओल्या, नुकत्याच धुतलेल्या प्रिंटकडे पाहून तिच्यात हायपो किती उरला आहे हे जगातला कुशलातला कुशल कारागीरही सांगू शकत नाही. दोष अदृश्य आणि परिणाम दूरचा : अशा ठिकाणी डोळ्याचा अनुभव कामाचा नसतो.

८/
ओलाव्याचा उल्लेख मुंबईच्या दृष्टीने महत्त्वाचा. लंडनमागोमाग लगेच, १८५४ मध्ये, मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे छायाचित्रकार तिच्याशी संबंधित होते. वर्षातले चार महिने पावसाळी दमट हवा असलेल्या या शहरात कागदावरील प्रतिमा टिकवणे लंडनपेक्षा सोपे नव्हते. जिथे ओल अधिक, तिथे कागदात राहिलेल्या रसायनाला काम करायला अनुकूल परिस्थितीही अधिक.

९/
पुढे या अदृश्य दोषासाठी चाचण्या आल्या. स्टार्च आणि आयोडीन यांच्या निळ्या द्रावणात प्रिंटवरून निथळलेले पाणी टाकायचे. निळा रंग उडाला तर हायपो शिल्लक आहे. प्रिंटच्या कोऱ्या कडेवर आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा आणि उमटणारा तपकिरी डाग प्रमाण रंगपट्टीशी ताडून पाहायचा. वापरून दमलेला फिक्सर ओळखण्यासाठी पोटॅशियम आयोडाइडचे थेंब : दाट पिवळा साका न विरता राहिला, की ते द्रावण फेकून द्यायचे. आता 'नीट धुतले आहे' हे वाक्य कारागिराच्या शब्दावर अवलंबून राहिले नाही.

१०/
मोजणी सुरू झाली की सुधारणेचा मार्गही सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे लक्षात आले की समुद्राच्या खाऱ्या पाण्यात धुतलेल्या प्रिंटमधून हायपो अधिक वेगाने निघून जातो; त्यानंतर गोड्या पाण्याची एक धुवण पुरते. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे कागदाला चिकटलेला हायपो सुटतो. यातूनच युद्धोत्तर काळात अंधारखोल्यांत 'हायपो क्लिअरिंग एजंट' रूढ झाले. चाचणीच नसती, तर एक धुणे दुसऱ्याहून चांगले आहे हे कळले असते ते वीस वर्षांनी, प्रिंट पिवळी पडल्यावर.

११/
आता दुसरा टप्पा : निगेटिव्हचे डेव्हलपिंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या काचा कारखान्यांत तयार होऊ लागल्या. छायाचित्रकार लाल दिव्याच्या उजेडात काच ट्रेमध्ये हलवत बसे. प्रतिमा उमटताना पाही, काच उचलून दिव्यासमोर धरी आणि योग्य वाटले की बाहेर काढी. डेव्हलपरमध्ये हे थोडे वाढव, ते थोडे कमी कर, असे करून आपण चित्रातील छटा हव्या तशा घडवू शकतो, ही त्याची दृढ श्रद्धा होती. हीच कारागिरी, हीच कला, असे मानले जाई.

१२/
इंग्लंडमधील विडनेस हे रासायनिक कारखान्यांचे गाव. तेथे सोड्याच्या एका कारखान्यात फर्डिनांड हर्टर हा स्विस रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हा इंग्रज अभियंता एकत्र काम करीत. ड्रिफील्डला छायाचित्रणाचा छंद होता; त्याने १८७६ च्या सुमारास मित्रालाही त्यात ओढले. हर्टरला कला आवडली, पण तिच्यातील अंदाजपंचे कारभार खटकला. कारखान्यात प्रत्येक गोष्ट मोजून करणाऱ्या माणसाला 'साधारण इतका वेळ', 'जरा गडद होईपर्यंत' ही भाषा मानवणारी नव्हती. फावल्या वेळात दोघांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले.

१३/
त्यांची पद्धत सरळ होती. एका काचेच्या पट्टीवर क्रमाक्रमाने दुप्पट होत जाणारा प्रकाश पाडायचा. प्रकाशाचा उगम म्हणजे ठरावीक अंतरावर ठेवलेली प्रमाण मेणबत्ती. मग ती पट्टी ठरावीक डेव्हलपरमध्ये, ठरावीक वेळ डेव्हलप करायची. शेवटी प्रत्येक पायरीतून किती प्रकाश आरपार जातो ते स्वतः बनवलेल्या प्रकाशमापकावर मोजायचे. त्यातून त्यांनी 'घनता' ही संकल्पना मांडली. घनता १ म्हणजे प्रकाशाचा दहावा भाग आरपार. घनता २ म्हणजे शंभरावा. ही संख्या त्या जागी तयार झालेल्या चांदीच्या प्रमाणात असते, हे त्यांनी दाखवले.

१४/
मे १८९० मध्ये त्यांचा निबंध रासायनिक उद्योगाच्या एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात एक आलेख होता. आडव्या अक्षावर प्रकाशाचा लॉगरिदम, उभ्या अक्षावर घनता. मिळणारी रेषा इंग्रजी 'एस' अक्षरासारखी : सुरुवातीला सपाट, मध्ये सरळ चढण, शेवटी पुन्हा सपाट. सरळ चढणीच्या भागात चित्रातील छटांचे परस्परप्रमाण नीट उतरते. दोन्ही टोकांना ते बिघडते. चढण किती तीव्र, हे डेव्हलपिंगच्या वेळेवर ठरते. या तीव्रतेला त्यांनी 'गॅमा' हे नाव दिले. फिल्मच्या गुणधर्मांचे मोजमाप करणाऱ्या 'सेंसिटोमेट्री' या शास्त्राचा हा पाया.

१५/
या आलेखाने अनेकांना दुखावले. हर्टर आणि ड्रिफील्ड यांचे म्हणणे असे, की छटांचे नाते एक्स्पोजर देतानाच ठरते. डेव्हलपिंगने सारे चित्र अधिक तीव्र किंवा अधिक सौम्य करता येईल. पण एकाच छटेला उचलून दुसरीला दाबण्याचे जे स्वातंत्र्य कारागीर सांगतो, ते भ्रामक आहे. कॅप्टन विल्यम अॅबनी यांच्यासारखे मान्यवर अभ्यासक त्यांच्या विरोधात उभे राहिले. पुढील संशोधनात या नियमाला काही अपवाद सापडले हे खरे. परंतु आलेख टिकला. आजही कोणत्याही फिल्मच्या माहितीपत्रकात तो असतो.

१६/
सर्वांत मोठा धक्का बसला तो पीटर हेन्री इमर्सन यांना. १८८९ मध्ये त्यांनी 'नॅचरलिस्टिक फोटोग्राफी' हा ग्रंथ लिहून छायाचित्रण ही चित्रकलेच्या बरोबरीची कला आहे, असे जोरदारपणे मांडले होते. छायाचित्रकार छटांवर हुकूमत गाजवू शकतो, हा त्या भूमिकेचा एक आधार होता. नव्या संशोधनाने तो हादरला. इमर्सन यांनी लवकरच काळ्या चौकटीची, मृत्युपत्रिकेसारखी एक पुस्तिका काढून आपल्याच सिद्धांताचे निधन जाहीर केले. स्वतःचे मत चुकले म्हणून स्वतःच सुतक पाळणारे कलासमीक्षक विरळाच. एका आलेखाने ते घडवून आणले, यातही काही वाटा असेल तर तो विडनेसच्या दोन हौशी मित्रांचा.

१७/
तरीही अंधारखोलीतला लाल दिवा चालूच राहिला, कारण त्या काळच्या बहुतेक काचा आणि फिल्म लाल प्रकाशाला प्रतिसाद देत नसत. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादासाहेब फाळके यांच्या दादरच्या घरातच प्रक्रियेचे काम चाले. कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडणे, रसायने सिद्ध करणे ही कामे सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करीत. भारतीय चित्रपटाचा आरंभ असा घरातल्या अंधारखोलीत, माणसाच्या हाताच्या आणि नजरेच्या भरवशावर झाला. तिथे एक रीळ बिघडणे म्हणजे सारे चित्रण पुन्हा उभे करणे.

१८/
हा लाल दिवा विझवला तो नव्या फिल्मने. १९०६ मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन येथील रॅटन अँड वेनराइट या कंपनीने सर्व रंगांना संवेदनशील, म्हणजे 'पॅनक्रोमॅटिक' काचा बाजारात आणल्या. तेथे काम करणारे केनेथ मीस यांनी हर्टर-ड्रिफील्ड यांच्या प्रयोगांचा पाठपुरावा करून डॉक्टरेट मिळवली होती. १९१२ मध्ये जॉर्ज ईस्टमन यांनी ही कंपनी विकत घेतली आणि मीस यांना अमेरिकेत नेऊन कोडॅकची संशोधन प्रयोगशाळा उभारली. पॅनक्रोमॅटिक फिल्म लाल दिव्यातही खराब होते. तिच्यासाठी खोलीत पूर्ण अंधार हवा. त्या अंधारात डोळा उपयोगाचाच राहिला नाही. उरले घड्याळ आणि तापमापक.

१९/
वेळ आणि तापमान यांची जोडी अतूट आहे. तापमान वाढले की डेव्हलपर वेगाने काम करतो. म्हणून २० अंश सेल्सिअस हे कृष्णधवल कामाचे प्रमाण मानले गेले. हे प्रमाण थंड देशांतून आले होते. मुंबईत किंवा नागपुरात उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या पुढे जाते. तेव्हा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, कधी सुरकुततो तर कधी फिल्मवरून सुटूही लागतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रेखाली बर्फ, डेव्हलपरमध्ये थर फुगू नये म्हणून सोडियम सल्फेट, आणि नंतर थर कडक करण्यासाठी तुरटीच्या वर्गातील क्षार. उष्ण प्रदेशांसाठी कोडॅकने डीके-१५ यासारखी खास सूत्रेही दिली. प्रमाण एका हवामानात ठरले, की दुसऱ्या हवामानातल्या माणसाला ते गाठण्यासाठी अधिक कष्ट घ्यावे लागतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

२०/
चित्रपटाच्या लॅबमध्ये मोजमापाची सक्ती कानाने केली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आला. आवाज नोंदवण्याच्या एका पद्धतीत फिल्मच्या कडेला राखाडी छटांच्या आडव्या बारीक पट्ट्या उमटत. छटेचा चढउतार म्हणजेच आवाजाचा चढउतार. लॅबने गॅमा चुकवला, तर चित्र थोडे कडक दिसे. प्रेक्षक तेवढे चालवून घेई. पण आवाज फाटे, आणि ते सर्वांना ऐकू येई. त्यामुळे १९३० च्या दशकात मोठ्या लॅबमध्ये प्रत्येक कामाबरोबर ठरावीक पायऱ्यांची चाचणीपट्टी डेव्हलप करून तिची घनता मोजणे हा नित्यक्रम झाला.

२१/
इमर्सन यांना निराश करणारा आलेख पुढच्या पिढीच्या हातात साधन बनला. १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी 'झोन सिस्टिम' सिद्ध केली. समोरच्या दृश्यातील सर्वांत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे टप्पे पाडायचे. कोणती छटा कोणत्या टप्प्यावर उतरावी ते छायाचित्र काढण्यापूर्वीच ठरवायचे. मग त्यानुसार एक्स्पोजर आणि डेव्हलपिंगची वेळ निवडायची. हे सारे हर्टर-ड्रिफील्ड यांच्या आलेखाचेच व्यावहारिक रूप. मर्यादा नेमकी कळल्यावर तिच्या आत किती स्वातंत्र्य आहे, हेही कळले.

२२/
तिसरा टप्पा रंगाचा. रंगीत फिल्ममध्ये तीन थर, म्हणजे एकाच वेळी तीन आलेख. तिन्ही रेषा एकमेकींच्या जोडीने चालल्या तर राखाडी वस्तू राखाडी दिसते. एक रेषा तिरकी गेली, तर सावली हिरवट आणि उजेड जांभळट होतो. आणि प्रिंट करताना कोणताही फिल्टर लावला तरी दोन्ही एकदम सुधारत नाहीत. अमेरिकेत १९५४ पर्यंत कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या किमतीतच तिची प्रक्रिया धरलेली असे. ती फिल्म कोडॅककडेच परत जाई. मक्तेदारीविरोधी खटल्याच्या तडजोडीनंतर हे बंधन सुटले आणि स्वतंत्र लॅबना वाट मोकळी झाली. आता ठिकठिकाणच्या यंत्रांतून सारखाच रंग यावा, ही नवी गरज निर्माण झाली.

२३/
१९७२ मध्ये आलेल्या सी-४१ या प्रक्रियेत काटेकोरपणाने टोक गाठले. डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश सेल्सिअस, आणि त्यात फरक चालेल तो फक्त ०.१५ अंशाचा. वेळ ३ मिनिटे १५ सेकंद. लॅबला कारखान्यातून आधीच प्रकाश दिलेल्या 'कंट्रोल स्ट्रिप' मिळत. त्या फ्रीझरमध्ये जपायच्या. सकाळी ग्राहकाचा पहिला रोल यंत्रात घालण्यापूर्वी एक पट्टी चालवायची, डेन्सिटोमीटरवर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातील घनता मोजायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावर बिंदू मांडायचे. बिंदू वरच्या किंवा खालच्या मर्यादारेषेबाहेर गेला, तर काम थांबवायचे. एका लग्नाचे सारे रोल वाचवण्याची ताकद त्या एका बिंदूत असे.

२४/
पट्टी फिल्मसाठी होती. प्रिंटसाठी दुसरे प्रमाण होते. १९५० च्या दशकापासून कोडॅक लॅबना एक नमुना निगेटिव्ह आणि तिची प्रमाण प्रिंट पुरवू लागली. त्यात उंची पोशाखातील, गोऱ्या वर्णाची एक तरुणी असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून, पुढे मॉडेल बदलल्या तरी, या कार्डाला 'शर्ली कार्ड' म्हणत. यंत्र चालवणारा माणूस शर्लीच्या त्वचेचा रंग कार्डाशी जुळेपर्यंत फिल्टर बदलत राही. जुळला की यंत्र 'बरोबर' आहे असे ठरे, आणि दिवसभर सगळ्यांची छायाचित्रे त्याच बेतावर छापली जात.

२५/
आणि इथेच तक्त्यावरचा प्रत्येक बिंदू मर्यादेत असूनही छायाचित्र चुकू लागले. गोऱ्या आणि काळ्या मुलांचा एकत्र वर्गफोटो काढला, की गोऱ्या मुलांचे चेहरे छान उतरत. शेजारच्या काळ्या मुलाचे डोळे आणि दात तेवढे दिसत, चेहरा सावलीत बुडून जाई. कॅनेडियन अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या विषयावर सविस्तर संशोधन प्रसिद्ध केले. कोडॅकच्या माजी कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांनी नोंदवले, की गडद छटांच्या सुधारणेला गती देण्यात चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारींचा वाटा होता. त्यांच्या जाहिरातींत गडद तपकिरी छटांमधले फरक दिसत नव्हते.

२६/
या तपशिलात बोचणारे बरेच काही आहे. मुलाचा चेहरा नीट उतरत नाही ही त्याच्या आईची तक्रार बहुधा लॅबच्या काउंटरवरच विरून जात असे. चॉकलेटचा रंग नीट येत नाही ही तक्रार मात्र प्रयोगशाळेपर्यंत पोचत असे. पुढे फिल्मची गडद छटा टिपण्याची क्षमता वाढली. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेली नमुना-कार्डे आली. तोपर्यंत रंगीत छायाचित्रणाची कित्येक दशके उलटून गेली होती, आणि त्या काळातले लाखो कौटुंबिक अल्बम आधीच छापून झाले होते. भारतातील लॅबही याच परदेशी फिल्म, कागद आणि यंत्रांच्या पिढीवर वाढल्या. तेव्हा हा प्रश्न आपल्याही अल्बमांना स्पर्श करून गेलेला आहे.

२७/
इथे कोणी मुद्दाम मोजणी चुकवली होती, असे नाही. तापमान बरोबर होते, वेळ बरोबर होती, शर्ली कार्डाशी तंतोतंत जुळत होती. दर्जा-नियंत्रण एवढेच सांगते, की तयार वस्तू ठरलेल्या प्रमाणाशी जुळते की नाही. ते प्रमाण कोणासाठी ठरले, हे त्या तक्त्यावर कुठेच लिहिलेले नसते. २० अंशांचे प्रमाण मुंबईच्या उन्हाळ्याला न विचारता ठरले; तसेच त्वचेचे प्रमाण जगातील बहुसंख्य त्वचांना न विचारता ठरले. पहिल्यावर बर्फाची लादी हा उपाय तरी होता.

२८/
तरी यावरून मोजमापच टाकून द्यावे आणि पुन्हा डोळ्यावर विसंबावे, असा निष्कर्ष निघत नाही. गडद चेहऱ्यांवरचा अन्याय दाखवून देण्यासाठीही शेवटी घनता आणि आलेख यांचीच भाषा लागते. २०२२ मध्ये गुगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी तयार केलेली दहा छटांची त्वचा-मोजपट्टी खुली केली, ती याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. एका शर्लीच्या जागी दहा पायऱ्या. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हायपो नाही, डेव्हलपर नाही. पण 'योग्य रंग' म्हणजे काय हे कोणीतरी आधीच ठरवून ठेवले आहे, ही गोष्ट मात्र तशीच आहे.

२९/
आता पुन्हा त्या अल्बमकडे वळू. जे छायाचित्र पिवळे पडले आहे, त्याच्या कागदात बहुधा अजूनही थोडा हायपो आहे. त्या दिवशी गर्दी असेल, पाणी तोकडे असेल, गिऱ्हाईक दारात उभे असेल. धुण्याची काही मिनिटे वाचवली गेली असतील. शेजारचे छायाचित्र ज्याने पूर्ण वेळ धुतले, त्यालाही त्या दिवशी दोन्हींत काही फरक दिसला नव्हता. त्याने केवळ नियम पाळला. त्याच्या त्या न दिसणाऱ्या कामामुळे पन्नास-साठ वर्षांनी एक चेहरा ओळखू येतो आहे. जुने अल्बम कोरड्या जागी ठेवा, आणि जे चेहरे अजून ओळखू येतात त्यांची नावे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने आजच लिहून ठेवा.